हॉटेलच्या सिंकखालचा ग्रीस ट्रॅप: आत काय चालतं आणि तो वेळच्या वेळी का उपसावा लागतो (नाशिक)

ड्रेनेजवाला_सिडको

नाशिकला थंडी पडली की माझ्याकडे एकाच तऱ्हेचे फोन सुरू होतात. सिंक तुंबलंय, चेंबर वर आलंय, किचनमध्ये उभं राहवत नाही असा वास मारतोय. फोन मिसळवाल्यांचे, खानावळींचे, केटरर्सचे. जाऊन बघावं तर बऱ्याच ठिकाणी ग्रीस ट्रॅप, म्हणजे सांडपाण्यातलं तेल अडवणारी पेटी, बसवलेला असतो, पण बसवल्यापासून त्याचं झाकण कोणी उघडलेलं नसतं. "ट्रॅप आहे ना, मग तेल पुढे जातं कसं?" असं मालक विचारतात. प्रश्न बरोबर आहे. त्याचं नीट, सविस्तर उत्तर एका जागी असावं म्हणून हा धागा. मी स्वयंपाकघरांच्या ड्रेनेजचीच कामं करतो, रोज हाताखालून जातं तेच लिहितोय.

आधी पेटीच्या आत काय होतं ते बघू. लिटरभर पाणी १ किलो भरतं, लिटरभर खाद्यतेल साधारण ९१० ते ९२० ग्रॅम. म्हणून तेल वर येतं. पण फरक एवढा थोडा आहे की वर यायला त्याला वेळ लागतो आणि शांत पाणी लागतं. पाइपातून धावत जाणाऱ्या पाण्यात दोन्ही मिळत नाही. ट्रॅप एवढंच करतो: पाण्याला थोडा वेळ थांबायला लावतो. सिंकचं पाणी एका बाजूने पेटीत येतं, समोरच्या आडव्या पत्र्यावर आपटून त्याचा जोर मोडतो, मग ते मधल्या भागातून सावकाश पुढे सरकतं. तेवढ्यात तेल-तूप वर तरंगतं, भाताची शितं, मटकी, चहाचा चोथा तळाशी बसतो आणि मधलं त्यातल्या त्यात स्वच्छ पाणी बाहेर पडतं. बाहेर जाणाऱ्या पाइपाचं तोंड पाण्यात बरंच खाली बुडलेलं असतं, त्यामुळे वरचा तेलाचा थर त्याच्या वाटेला लागत नाही. आत मोटर नाही, फिल्टर नाही, औषध नाही. वरणाचं पातेलं रात्री तसंच राहिलं की सकाळी वर तुपाची चकती धरलेली दिसते, पेटीत तेच घडतं.

आता मुद्द्याचं. ट्रॅप तेल जिरवत नाही, जाळत नाही, विरघळवत नाही. साठवतो. साठलेलं कोणीतरी हाताने काढेपर्यंत ते तिथेच राहतं. वरचा थर जाड होत जातो, तळाचा गाळ वर चढत जातो आणि दोघांच्या मधला पाण्याचा पट्टा अरुंद होतो. सिंकमधून येणारं पाणी तेवढंच असतं, म्हणजे अरुंद पट्ट्यातून ते वेगाने पळतं. वेग वाढला की तेलाला वर यायला वेळ मिळत नाही आणि तळाचा गाळही ढवळून निघतो. म्हणून जगभर एक साधा नियम चालतो: वरचा थर आणि खालचा गाळ मिळून पाण्याच्या खोलीच्या पाव हिस्सा झाला की उपसायचा. काठोकाठ भरायची वाट बघायची नाही, कारण त्याच्या खूप आधीच त्याचं काम बंद पडलेलं असतं. वर्षभर न उपसलेली पेटी म्हणजे मधे उगाच फुगवलेला पाइप.

कोणाला काही विचारायचं असेल तर विचारा. सिंकचं माप आणि दिवसाला साधारण किती भांडी निघतात ते सांगितलंत तर नेमकं उत्तर देता येईल.

गंगापूररोडचा_मिसळवाला

दादा, धागा माझ्यासाठीच काढल्यासारखा वाटतोय. आमचं मिसळीचं दुकान आहे, शनिवार-रविवारी सकाळपासून रांग. भांडी घासायचं सिंक एक, आतून दोन फूट लांब, दीड फूट रुंद, दहा इंच खोल. ट्रॅप विकणाऱ्याने सगळ्यात लहान दिला आणि म्हणाला, "यात दर महिन्याला पावडर टाका, उघडायची गरज नाही." दुसरं म्हणजे आम्ही फक्त सोयाबीन तेल वापरतो. ते थंडीतही गोठत नाही, मग पाइपात पांढरा दगडासारखा थर कशाचा येतो?

ड्रेनेजवाला_सिडको

@गंगापूररोडचा_मिसळवाला, आधी माप. तुमचं सिंक सेंटीमीटरमध्ये साधारण ६० × ४५ × २५, म्हणजे ६७ लिटर. भांड्यांनी जागा व्यापलेली असते म्हणून त्याचा पाऊण भाग धरायचा, ५० लिटर. बूच काढल्यावर हे पाणी एका मिनिटात गेलं पाहिजे असं धरलं तर ट्रॅपला मिनिटाला ५० लिटरचा प्रवाह झेलता यायला हवा. अशा ट्रॅपमध्ये साधारण १२ किलो तेल-चरबी धरून ठेवायची क्षमता असावी लागते. तुमच्याकडच्या पेटीवर पत्र्याची पाटी असेल, त्यावर प्रवाह लिहिलेला असतो. तो २० किंवा २५ असेल तर बूच काढल्याबरोबर पाणी पेटीतून धडाधड जातंय आणि तर्री त्याच्यासोबत. अशा वेळी पेटी बदलायची.

मिसळीच्या दुकानाची गोष्ट वेगळी असते हेही सांगतो. तळणीच्या हॉटेलात तेल कढईत राहतं. तुमच्याकडे तर्री प्रत्येक वाटीच्या कडेला, प्रत्येक चमच्याला, कटाच्या प्रत्येक भांड्याला लागून थेट सिंकमध्ये येते. गिऱ्हाईक मिसळ संपवतं, तर्री उरवतं. म्हणून तुमच्या ट्रॅपवरचा भार त्याच आकाराच्या पोळी-भाजीच्या खानावळीपेक्षा जास्त धरा.

पावडरीबद्दल आणि पांढऱ्या थराबद्दल इथले जाणकार काका लिहितील तर बरं, रसायनाचा भाग त्यांचा आहे.

निवृत्त_सांडपाणी

लिहितो. सांडपाण्याच्या कामात आयुष्य गेलं, त्यामुळे विषय जिव्हाळ्याचा आहे.

सोयाबीन तेल गोठत नाही हे खरं. पण पाइपात जे घट्ट होतं ते बहुतेक वेळा तेल राहिलेलंच नसतं. पुन्हा पुन्हा तापवलेल्या तेलातून आणि गटारातल्या जिवाणूंच्या कामामुळे मोकळी स्निग्धाम्लं (फॅटी ॲसिड) तयार होतात. त्यांची पाण्यातल्या कॅल्शियमशी गाठ पडली की कॅल्शियमचा साबण बनतो. हा साबण पाण्यात विरघळत नाही, फेसही देत नाही, पाइपाला चिकटून कडक होतो. नाशिकमध्ये पुष्कळ हॉटेलं बोअरचं पाणी वापरतात, ते जड असतं, म्हणजे कॅल्शियम आयतंच मिळतं. सिमेंटच्या पाइपातून आणि चेंबरच्या भिंतीतूनही ते सुटतं. म्हणून तेल कुठलंही असो, थर धरायचा तो धरतोच. पामतेल, वनस्पती, तूप असेल तर थंडीत गोठण्याची भर पडते एवढंच. आपल्याकडे डिसेंबर-जानेवारीत पहाटेचा पारा १० अंशांच्या खाली जातो. वरवर टाकलेल्या उथळ पाइपात काय होत असेल ते ओळखा.

लंडनच्या व्हाइटचॅपल भागात २०१७ साली गटारात असाच गोळा सापडला होता. २५० मीटर लांब, १३० टन वजन. तेल, चरबी आणि वेट वाइप्स यांचा. तो फोडायला कामगारांना कित्येक आठवडे लागले. त्याचा एक तुकडा पुढे तिथल्या संग्रहालयात ठेवला होता. आपली गटारं लंडनएवढी मोठी नाहीत, त्यामुळे आपल्याकडे एवढा गोळा होण्याआधीच चेंबर रस्त्यावर येतं.

आता पावडर. या पावडरींत जिवाणू किंवा विकरं (एन्झाइम) असतात. विकर तेलाचे तुकडे करतं खरं, पण ते तुकडे म्हणजे स्निग्धाम्लंच. पेटीतलं पाणी काही मिनिटांत पुढे जातं, तेवढ्यात ती पचत नाहीत. पाण्याबरोबर पुढे जातात आणि वर लिहिलेला साबण तुमच्या पेटीऐवजी रस्त्याखालच्या पाइपात बनतो. पेटी रिकामी दिसते, तुम्ही खूश, आणि शंभर फुटांवर दुसऱ्याचं चेंबर तुंबतं. परदेशात कित्येक नगरपालिका उपसण्याऐवजी अशी पावडर वापरू देत नाहीत. मोठ्या टाकीत, जिथे पाणी तासन् तास थांबतं, तिथे जिवाणूंचा थोडा उपयोग आहे. सिंकखालच्या पेटीत नाही.

उकळतं पाणी आणि भरपूर साबण ओतून "लाइन मोकळी करणं" हाही त्यातलाच प्रकार. साबणाने तेलाचे अतिशय बारीक थेंब होतात. थेंबाची वर यायची गती त्याच्या व्यासाच्या वर्गावर ठरते. व्यास निम्मा झाला तर गती पाव. बारीक झालेला थेंब पेटीत असेपर्यंत वर पोचतच नाही. तो ट्रॅप ओलांडतो आणि पुढे पाणी गार झालं, साबण विरळ झाला की पुन्हा एकत्र येऊन चिकटतो.

अन्नपूर्णा_डबे

मी इंदिरानगरला घरून डबे देते, रोज पंचवीस-तीस. सिंक घरातलंच. दिवाळीत फराळाच्या ऑर्डरी असतात तेव्हा चकल्या-शेवेचं तळण दिवसभर चालतं. मलाही ट्रॅप लागेल का? खालच्या मजल्यावरच्या काकूंच्या बाथरूममध्ये मागे पाणी वर आलं होतं, तेव्हापासून भीतीच वाटते.

ड्रेनेजवाला_सिडको

ताई, पंचवीस-तीस डब्यांना सिंकखाली लहान पेटी बसवली तर चांगलंच, पण त्याआधी फुकटातल्या गोष्टी करा. त्यांनी निम्म्याहून जास्त काम होतं.

तळणीचं तेल सिंकमध्ये थेंबभरही ओतायचं नाही. गार झालं की गाळून डब्यात भरायचं. कढई, झारा, पोळीचा तवा पाणी लागायच्या आधी कोरडा पुसायचा. जुन्या वर्तमानपत्राने पुसा किंवा चमचाभर डाळीचं पीठ, कोंडा टाकून पुसा, पीठ तेल लगेच शोषतं. ते ओल्या कचऱ्यात, घंटागाडीला. पूर्वी आपल्याकडे भांडी राखेने घासायचे तेव्हा हे आपोआप होत होतं, राख तेल शोषायची आणि मोरीत पाण्याबरोबर तेल कमी जायचं. आता लिक्विड सोप आला आणि सगळं तेल पाण्यात मिसळून पाइपात निघालं.

दुसरं, सिंकच्या तोंडाशी बारीक जाळी. भात आणि कणीक ही तेलाइतकीच वाईट. कणकेचं पाणी पाइपात बसतं, त्यावर तेल चिकटतं, त्यावर पुन्हा कणीक. परातीतली कणीक खरवडून काढा, परात धुतलेलं पहिलं पाणी झाडांना घाला.

काकूंच्या बाथरूममध्ये पाणी का आलं तेही बघून घ्या. उभ्या पाइपात खाली चोक झाला की वरच्या सगळ्या मजल्यांचं पाणी सगळ्यात खालच्या नहाणी ट्रॅपमधून बाहेर पडतं. दोष वरच्यांचा, त्रास तळमजल्याचा. आणि नेहमी एकाच घराचं तेल नसतं, सगळ्या मजल्यांचं मिळून असतं.

सोसायटी_सचिव_पाथर्डीफाटा

वाचून राहवलं नाही. आमच्या इमारतीत खाली गाळे आहेत, त्यातल्या एका गाळ्यात रेस्टॉरंट चालतं. त्यांची लाइन आमच्याच चेंबरला जोडलेली. दर दोन-तीन महिन्यांनी चेंबर भरून पार्किंगमध्ये घाण पसरते. खर्च सोसायटीचा. एकदा माणूस बोलावला, तो कामट्या घालून थकला आणि शेवटी म्हणाला, "आत उतरून काढतो." रेस्टॉरंटवाले म्हणतात आमच्याकडे ट्रॅप आहे. बघायला गेलो तर त्यावर गॅसची टाकी ठेवलेली. नेमकं काय करावं?

ड्रेनेजवाला_सिडको

साहेब, सगळ्यात आधी ते उतरण्याचं. माणसाला आत उतरू देऊ नका. चेंबर असो, सेप्टिक टँक असो, जमिनीतला मोठा ट्रॅप असो. तळाच्या गाळात हवा पोचत नाही, तिथे हायड्रोजन सल्फाइड तयार होतो. थोडा असताना कुजलेल्या अंड्यासारखा वास येतो, पण जास्त झाला की नाकाला तो वास कळायचाच बंद होतो. म्हणजे "आता वास येत नाही, उतरतो" म्हणणारा माणूस सगळ्यात मोठ्या धोक्यात असतो. गाळ ढवळला की अडकलेला वायू एकदम सुटतो. एक पडतो, त्याला काढायला दुसरा उतरतो आणि दोघंही जातात. दरवर्षी देशात कुठे ना कुठे हेच घडतं. संरक्षक साधनांशिवाय माणसाला गटारात किंवा सेप्टिक टँकमध्ये उतरवणं २०१३ च्या कायद्याने गुन्हा आहे. पहिल्याच वेळी दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतं, आणि काम देणारा म्हणून ते सोसायटीवरही येतं. माझ्याकडे काम करणाऱ्या पोरांना मी पहिल्या दिवशी हेच सांगतो: डोकं झाकणाच्या पातळीखाली जायचं नाही. सक्शनची गाडी बोलवा, जेटिंग बोलवा. १४४२० हा याच कामासाठीचा मदत क्रमांक आहे.

जेटिंग करतानाही एक लक्ष ठेवा. जोराच्या पाण्याने गोळे फुटतात आणि पुढच्या चेंबरमध्ये जाऊन बसतात. बिल होतं, गाडी जाते आणि महिन्याभरात तीच लाइन दहा मीटर पुढे तुंबते. म्हणून खालच्या चेंबरच्या तोंडाशी जाळी लावायची आणि आलेले गोळे लांब दांड्याच्या झाऱ्याने वर काढायचे. गाडीवाल्याला आधीच तसं बजावून ठेवा.

आता रेस्टॉरंट. त्यांना तीन गोष्टी लेखी मागा. किचनची लाइन वेगळी करून ती ट्रॅपमधून गेल्यावरच चेंबरला जोडलेली असावी. ट्रॅप अशा जागी असावा की झाकण एका माणसाला पाच मिनिटांत उघडता येईल. गॅसची टाकी त्यावर आहे याचा अर्थ तो उपसला जात नाही, एवढाच पुरावा पुरे. आणि वही. तारीख, वर किती सेंटीमीटर, खाली किती सेंटीमीटर, कोणी उपसला, माल कुठे गेला. सचिवांनी महिन्यातून एकदा ती वही बघायची. भांडण होत नाही, आकडे बोलतात.

निवृत्त_सांडपाणी

एक जोडतो. संडासाची लाइन ट्रॅपमध्ये कधीही आणायची नाही. गाळ्यांमध्ये जागा कमी म्हणून सगळं एकत्र जोडलेलं मी पाहिलेलं आहे. मग तो ट्रॅप राहत नाही, सेप्टिक टँक होतो आणि उपसणाऱ्याच्या जिवावर उठतो.

शिवाय ट्रॅपच्या आधी प्रवाह आवरणारी बारीक भोकाची चकती असते, ती पुष्कळ प्लंबर "पाणी हळू जातं" म्हणून काढून टाकतात. पाणी हळू जावं यासाठीच ती असते. ती काढली की मापाचं सगळं गणित कोसळतं.

नियमांचं विचाराल तर पर्यावरण संरक्षण नियमांत सांडपाण्यातल्या तेल आणि ग्रीसची मर्यादा ठरलेली आहे: सार्वजनिक गटारात सोडायला लिटरमागे २० मिलिग्रॅम, नदी-नाल्यात सोडायला १०. २० मिलिग्रॅम म्हणजे किती थोडं बघा. ५० लिटरच्या सिंकभर पाण्यात फक्त १ ग्रॅम. तर्रीचे मोजके थेंबच.

गोदाकाठी

मी या कामातला नाही. पण टाकळीला संगमाच्या बाजूने सकाळी फिरायला जातो आणि नासर्डी नदीच्या पाण्यावर रंगीत तवंग बघतो तेव्हा जीव तुटतो. नंदिनी म्हणायचं आणि तिची ही दशा करायची. हॉटेलांच्या तेलाचा यात खरंच वाटा असतो का? आणि सांडपाणी केंद्रं आहेत ना, तपोवन, आगर टाकळी, चेहेडी, पंचक? तिथे तेल निघत नाही का?

निवृत्त_सांडपाणी

@गोदाकाठी, नासर्डीत कारखान्यांचं, वस्त्यांचं, गॅरेजचं असं सगळंच मिसळतं, त्यामुळे तवंग बघून तो कुणाचा ते सांगता येत नाही. पण हॉटेलांचा वाटा नक्की असतो, आणि तो दोन वाटांनी येतो.

एक, लाइन तुंबली की चेंबर वाहतं. वाहिलेलं पाणी पावसाळी गटारात शिरतं. पावसाळी गटार कुठल्याही केंद्राला जात नाही, ते सरळ नाल्याला आणि नाला नदीला. म्हणजे गंगापूर रोडवरचं तुंबलेलं चेंबर केंद्र टाळून गोदावरीत पोचतं. केंद्र कितीही चांगलं चाललं तरी त्याच्याकडे न आलेलं पाणी ते शुद्ध कसं करणार?

दुसरी वाट केंद्रातून. तिथे सांडपाणी साफ करायचं काम जिवाणू करतात आणि त्यांना हवा लागते. तेलाचा थर पाण्यावर आला की हवा पाण्यात उतरायला अडथळा होतो. तेल जिवाणूंच्या गुठळ्यांना चिकटलं की त्या हलक्या होतात, तळाशी बसायच्या त्या तरंगतात आणि स्वच्छ पाण्याबरोबर बाहेर निघून जातात. वर तपकिरी फेस येतो. सुरुवातीलाच तेल काढायची सोय असते, पण ती घरगुती सांडपाण्यातल्या तेलापुरती. शहरातल्या सगळ्या कढयांचं तेल तिथे एकदम आलं तर ती पुरत नाही. हॉटेलच्या सिंकखाली १२ किलो तेल झाऱ्याने निघतं. तेच केंद्रापर्यंत गेलं की कित्येक पट पाण्यात पसरलेलं असतं, तिथे ते काढणं फार महाग आणि अवघड.

२०२७ चा सिंहस्थ तोंडावर आहे. रामकुंडावर लाखो माणसं डुबकी मारणार आहेत आणि त्या काळात शहरातली सगळी हॉटेलं, अन्नछत्रं, तात्पुरते भटारखाने दुप्पट-तिप्पट चालणार. त्यांच्या भांड्यांचं पाणी कुठे जाणार हे आत्ता ठरवायला हवं. तात्पुरत्या भटारखान्यांनासुद्धा निदान जमिनीवर ठेवायची पेटी आणि ती उपसणारा एक नेमलेला माणूस असलाच पाहिजे, असं माझं ठाम मत आहे.

गंगापूररोडचा_मिसळवाला

काका, दादा, दोघांचेही आभार. पाटी बघितली, २५ लिटरच लिहिलंय. नवीन पेटी मागवली, मिनिटाला ५० लिटरवाली. आता उपसायचं कसं ते नीट सांगा, आणि काढलेलं टाकायचं कुठे? आमचा भांडीवाला मुलगा म्हणतो मागच्या गल्लीतल्या गटारात टाकतो.

ड्रेनेजवाला_सिडको

गटारात टाकलं तर एवढं सगळं केल्याचा उपयोग शून्य. त्याला आजच सांगा.

उपसायची वेळ: रात्री दुकान बंद झाल्यावर नको, तेव्हा आत साबणाचं गरम पाणी असतं आणि तेल पातळ असतं. सकाळी सिंक सुरू करायच्या आधी. रात्रभरात तेल वर येऊन घट्ट झालेलं असतं, झाऱ्याने सलग निघतं.

आधी नळ बंद. रबराचे हातमोजे, शक्य असेल तर चष्मा. दारं-खिडक्या उघड्या ठेवा, झाकण उघडून पाच मिनिटं लांब थांबा. मग आत बघा. तर्रीच्या दुकानात वरचा थर नारिंगी-पिवळा असतो, त्यावर मिरचीच्या बिया, कोथिंबिरीची पानं चिकटलेली. बोट लावलं तर वर कोरड्या मेणासारखा आणि खाली लोण्यासारखा. त्याखाली राखाडी पाणी. तळाशी काळा चिखल, त्यात मटकी, फरसाणाचा लगदा. उपसण्याआधी लाकडाची सरळ काठी तळापर्यंत हळू घाला, वर काढा. खालच्या टोकाला चिखल किती वर लागला ते मोजा. वरचा थर पट्टीने मोजा. दोन्ही वहीत लिहा.

आता वरचा थर झाऱ्याने बादलीत काढायचा. मग पाणी मगाने दुसऱ्या बादलीत काढून ठेवायचं. मग तळाचा गाळ. आडवे पत्रे सुटत असतील तर बाहेर काढून प्लास्टिकच्या खरवडणीने खरवडायचे, नुसतं पाणी मारून भागत नाही. येणाऱ्या आणि जाणाऱ्या पाइपाच्या तोंडात हात घालून बघा, तिथे कडं धरलेलं असतं. साबण, ॲसिड, कॉस्टिक काही नको. कॉस्टिकने तेलाचा साबण होतो, तो पुढे जातो आणि पत्राही खातो. पत्रे जागच्या जागी, त्याच दिशेने. मग शेवटची आणि सगळ्यात जास्त विसरली जाणारी गोष्ट: झाकण लावण्याआधी पेटी साध्या गार पाण्याने पूर्ण भरायची. रिकाम्या पेटीत तेलाला तरंगायला पाणीच नसतं, पहिल्या सिंकभर पाण्याबरोबर सगळं सरळ बाहेर जातं.

काढलेला माल: लाकडाचा भुसा किंवा कोंडा मिसळून घट्ट करायचा, झाकणाच्या ड्रममध्ये ठेवायचा. मोठ्या हॉटेलांनी सक्शनवाल्याशी करार करून तो कुठे नेतो याची पावती घ्यायची. तुमच्यासारख्या दुकानाने विभागाच्या आरोग्य निरीक्षकांना विचारून घंटागाडीत कोणत्या दिवशी, कसा द्यायचा ते ठरवून घ्या. तेल-चरबीपासून बायोगॅस भरपूर होतो, त्यामुळे खरं तर तो वाया घालवायचा मालच नाही.

कढईतलं वापरलेलं तेल मात्र यात मिसळू नका. ते वेगळ्या डब्यात. ट्रॅपमधला माल सडका, पाणी मिसळलेला असतो. कढईतलं तेल स्वच्छ असतं, त्याचं बायोडिझेल होतं आणि पैसेही मिळतात. अन्न सुरक्षा प्राधिकरणाने २०१८ पासून वापरलेलं तेल गोळा करायची योजनाच काढली आहे. तळून तळून तेलातले ध्रुवीय घटक (तेल खराब होताना त्यात वाढणारे पदार्थ) २५ टक्क्यांच्या वर गेले की ते खायला वापरायला बंदी आहे, आणि दिवसाला ५० लिटरपेक्षा जास्त तेल लागतं त्यांनी त्याची नोंद ठेवून मान्यताप्राप्त संकलकालाच द्यायचं असतं. रात्री डबा घेऊन फिरणाऱ्या अनोळखी माणसाला स्वस्तात विकू नका. ते तेल पुन्हा कुणाच्या तरी कढईत जातं.

अन्नपूर्णा_डबे

कढई पिठाने पुसायला सुरुवात केली. सिंकमधला फरक चार दिवसांत कळला, पाणी भोवरा करून जातं आता. आमच्या भिशीच्या ग्रुपवर हा धागा पाठवला आहे, तिघीजणी केक आणि फराळाचं काम करतात.

गंगापूररोडचा_मिसळवाला

नवीन पेटी बसली. सोमवारी भरून सुरू केली, पुढच्या सोमवारी सकाळी उघडली. पाण्याची खोली ३२ सेंमी. काठीने मोजलं: वर ७, खाली ३. तुम्ही लिहिलं होतं तसाच नारिंगी थर, आणि खाली मटकी भरपूर. झाकणाच्या एका कोपऱ्यातून थोडा वास येतोय. दर आठवड्याला एकदा चालेल का?

ड्रेनेजवाला_सिडको

३२ चा पाव हिस्सा ८. तुमचं ७ अधिक ३ म्हणजे १० झालं, आठवडा संपायच्या आतच हद्द ओलांडली. शनिवार-रविवारच्या गर्दीत तर पेटी भरलेल्या अवस्थेत चालत होती. सोमवार आणि गुरुवार असे दोन दिवस धरा. गुरुवारी उपसलेली पेटी शनिवार-रविवारला मोकळी मिळते.

खाली ३ सेंमी जास्त आहे आणि त्यात मटकी आहे, म्हणजे भांडी घासताना सिंकची जाळी कोणीतरी काढून ठेवतंय. गर्दीत पाणी लवकर जावं म्हणून मुलं तसं करतात. दोन जाळ्या घ्या, एक भरली की दुसरी लावायची, म्हणजे काढून ठेवायची वेळ येणार नाही. वाट्या सिंकमध्ये जाण्याआधी उरलेली तर्री एका पातेल्यात ओतून घ्यायला सांगा, वरचा थरही कमी होईल.

वास कोपऱ्यातून येतोय तर तिथे झाकणाखालची रबरी पट्टी दुमडलेली असेल. पट्टी काढून पुसून पुन्हा बसवा, चारही बोल्ट आलटून-पालटून थोडे थोडे आवळा. तरीही आला तर पट्टी बदला.